एक लिटर कुठे संपतं

गेल्या रविवारी डोंबिवलीत कर्णिकसाहेबांचा निवृत्तीचा सत्कार झाला. शाल, नारळ, बटाटेवडा, सगळं यथासांग. जुन्या नोकरीतला म्हणून मलाही बोलावणं होतं, आणि नाही म्हणायची धमक नव्हती म्हणून मी गेलो. साहेब भाषणाच्या शेवटी रंगात आले आणि म्हणाले, "आमच्या शोरूममध्ये एक येडा कोळी होता बरं का. बाटली घेऊन फिरायचा! आणि बाटलीत काय? पेट्रोल! गाडीला बाटली बांधायचा, गाडी बंद पडली की भर रस्त्यात उतरून रंगकाम करायचा!" सभागृह खदखदून हसलं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर रुमालाने डोळे पुसत होते.

मी अर्धा वडा बशीत टाकून उठलो. मी वडा टाकणारा माणूस नाही, पण त्या दिवशी टाकला. घरी पोचेपर्यंत स्वतःशीच शिव्या देत होतो. रात्री बायको म्हणाली, "अहो, कुणावर एवढे चिडलात?" तिला सांगायला बसलो असतो तर माझीच लाज निघाली असती. म्हणून इथे लिहितो आहे.

त्या 'येड्या कोळ्या'चं नाव काशिनाथ नाखवा. ठाण्यात आग्रा रोडवर आमचं मोटारींचं शोरूम होतं आणि मागे वर्कशॉप. आता तिथे साड्यांचं दुकान आहे. नाखवा वर्कशॉपचे फोरमन, मी पुढे विक्रीला. सव्वीस वर्षांचा होतो, रोज डोंबिवलीहून टाय लावून यायचो आणि त्या टायचा मला फार अभिमान होता. ऑफिसात सगळे नाखवांना अरे-तुरे करायचे. मी तोंडावर अहो म्हणायचो आणि पाठीमागे 'तो'. इथे मात्र 'ते' असंच लिहिणार आहे. उशीर झालाय, तरी लिहिणार आहे.

उंच, रुंद खांद्यांचा माणूस. समोरच्याकडे बघताना डोळे बारीक करायचे, पाण्यावरचं ऊन डोळ्यांवर येतंय असे. घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. सकाळी वर्कशॉपमध्ये शिरले की पहिलं वाक्य खाडीचं असायचं. "सुकती लागली," म्हणायचे, म्हणजे ओहोटी सुरू झाली. ठाण्याच्या आग्रा रोडवर ओहोटीचं कुणाला काय पडलं होतं? पण ते सांगायचे, आणि घड्याळ लावून घ्यावं इतकं ते बरोबर असायचं.

त्यांच्या डब्यात सुके बोंबील नाहीतर जवळा असायचा. कर्णिकसाहेबांनी तोंडी हुकूम काढला होता की गिऱ्हाइकांना वास येतो, तेव्हा नाखवांनी वर्कशॉपच्या मागे बसून जेवावं. उन्हात, ऑइलच्या रिकाम्या पिंपावर. आणि हेच कर्णिकसाहेब दर शनिवारी त्यांना सांगायचे, "नाखवा, उद्या पापलेट आण रे. ताजं बघ हं, मागच्या वेळचं जरा नरम होतं." मासे ते स्वतः मिटक्या मारत खायचे, वास फक्त नाखवांच्या डब्याला यायचा. आम्ही बाकीचे आत पंख्याखाली जेवायचो आणि हे सगळं आम्हाला अगदी योग्य वाटायचं.

नाखवांना तीन शब्दांचा राग होता. अंदाजे, साधारण आणि जवळपास. कुणा मेकॅनिकने गिऱ्हाइकाला सांगितलं की "गाडी साधारण चारपर्यंत होईल," की ते गाडीखालून ओरडायचे, "साधारण म्हंजे काय रं? चार का नाय चार?" मग स्वतः बाहेर यायचे, हात पुसायचे, इंजिनाकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "चार वाजून धा मिनटं." आणि चार वाजून दहा मिनिटांनी ती गाडी दारात उभी असायची.

आता त्या बाटलीविषयी. त्या काळात गाडी घ्यायला आलेला प्रत्येक माणूस, रंग बघायच्या आधी, एकच प्रश्न विचारायचा. "अ‍ॅव्हरेज किती देते?" लिटरमागे किती किलोमीटर. कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकात त्याचं उत्तर छापलेलं होतं, वीसच्या वरचं. आमच्याकडे त्या छोट्या गाडीचे दोन प्रकार होते, साधी आणि डिलक्स. डिलक्सला एसी, रुंद टायर, जाड गाद्या, मोठाले बंपर. पण माहितीपत्रकात दोन्हींना एकच आकडा.

नाखवांनी तो आकडा वाचला आणि त्यांचं डोकं सटकलं. "कंपनीचा माणूस गाडी चालवतो कशी? एकटा. सडपातळ. मोकळ्या रस्त्याला, पहाटे. तुमच्या घरी एकटा सडपातळ माणूस राहतो काय? बायको नाय, पोरं नाय, सासू नाय?"

मग त्यांनी त्यांची बाटली काढली. सरबताची जुनी काचेची बाटली, तिच्यावर होडीला लावतात त्या हिरव्या रंगाची आडवी रेघ. रेघेपर्यंत पेट्रोल भरलं की बरोबर एक लिटर. टाकीची नळी काढायची, ती बाटलीला जोडायची, बाटली दोरीने आत काचेजवळ बांधायची आणि निघायचं. बाटलीतलं पेट्रोल संपलं की गाडी बंद. जिथे बंद पडेल तिथे किलोमीटरचा आकडा वाचायचा. ठाणे-कल्याणमधले पुष्कळ मेकॅनिक असं करायचे, त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते नाखवांच्या अटींचं. गाडीत चार मोठी माणसं पाहिजेत, डिकीत पोतं पाहिजे, आणि निघायचं सकाळी दहाला, कळव्याच्या नाक्यावर भाजीच्या हातगाड्या, रिक्षा आणि म्हशी सगळ्या आडव्या येतात तेव्हा.

पहिल्या फेरीला चारांतला एक म्हणून मला कोंबलं. कळव्याच्या पुलावर त्यांनी सवयीने खाली पाण्याकडे पाहिलं. मुंब्रा गेलं. साधी गाडी होती ती, शीळफाटा ओलांडून कल्याणच्या रस्त्याला लागली आणि एका मोरीपाशी दोन आचके देऊन थांबली. नाखवा उतरले. खिशातून हिरव्या रंगाची डबी आणि तोकडा ब्रश काढला आणि मोरीच्या कठड्यावर एक रेघ मारली. मग आत वाकून आकडा वाचला.

"सतरा."

"साधारण सतरा ना?" मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.

पुढच्या आठवड्यात डिलक्स. तीच चार माणसं, तेच पोतं, तीच वेळ. एसी लावला होता. फाट्याच्या अलीकडच्या चढावरच गाडी मेली. तेरा. दुसऱ्या दिवशी एसी बंद ठेवून नेली, तर फाट्याच्या तोंडाशी गेली. साडेचौदा. "इंजिन तेच," नाखवा म्हणाले, "पण वजन वाढलं, टायर रुंद झाले, आणि वर एसी इंजिनाच्या मानेवर बसला. आणि हे बोलतात दोघी सारख्या!" त्यांनी रेघ इतक्या जोरात मारली की ब्रशचे केस तुटून दगडाला चिकटले.

नळी पुन्हा टाकीला जोडून त्यात पेट्रोल यायला वेळ लागायचा. तेवढ्यात कठड्यावर बसून त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली.

"बाने होडीला पहिलं इंजिन घेतलं. इकणारा दारात आलेला, पांढरी पँट. बोलला, एका कॅनमधी एवढं लांब जाशील आन् परत येशील. बा गेला. कॅन संपला, सुकती लागलेली, होडी बाहेर ओढत गेली. दोन दिवस. तिसऱ्या दिशी दुसऱ्या होडीनं आणला. जिता होता. पर परत कवा होडीत बसला नाय. होडी इकली." मग ब्रश पुसत, "मी त्या पांढऱ्या पँटवाल्याकडं गेलो. तो काय बोलला म्हाइत हाय? बोलला, अरे, मी अंदाजे सांगितलेलं."

मला त्या वेळी ती गोष्ट थोडी लांबलेली वाटली होती. माझं लक्ष गाडी कधी सुरू होते याकडे होतं, कारण दुपारी एक गिऱ्हाईक येणार होतं.

कर्णिकसाहेबांना मात्र या बाटलीत धंदा दिसला. लोक माहितीपत्रकावर विश्वास ठेवत नाहीत, पण मेकॅनिकवर ठेवतात, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी हॉलमध्ये गिऱ्हाइकांसमोर काळा फळा लावायचं ठरवलं. 'आमच्या फोरमननी स्वतः काढलेलं अ‍ॅव्हरेज.' नाखवांनी एकच अट घातली. दोन्ही गाड्या लिहायच्या. फळा हॉलमध्ये टांगायच्या आधी, वर्कशॉपमध्येच, त्यांनी स्वतःच्या हाताने, शाळेतल्या पोरासारख्या गोल अक्षरात, होडीच्या रंगानेच लिहिलं. साधी, सतरा. खाली डिलक्स, साडेचौदा, एसी लावून तेरा. त्याखाली का. नाखवा. फळ्याला खडू लावायचा असतो, असं कुणीतरी म्हणालं. "खडू पुसतो," ते म्हणाले.

तीन आठवडे फळा तसा राहिला. साध्या गाडीची नोंदणी वाढली, तिला सहा-सात महिने थांबावं लागायचं. डिलक्स मात्र अंगणात ओळीने उभ्या, त्यांच्यावर धूळ आणि कबुतरांची घाण. मग एका सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एका मिठाईवाल्याचं भलंमोठं कॅलेंडर होतं, लक्ष्मीचं चित्र असलेलं.

"लिमये, हे हॉलमध्ये लाव. फळ्यावर. जरा खालच्या बाजूला."

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला लगेच कळलं. मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि म्हणालो, "नाखवा, जरा हातोडी द्या. आणि एक खिळा. कॅलेंडर लावायचंय." त्यांनी हातातलं काम ठेवलं, हातोडी शोधून पुसून दिली. खिळा सुद्धा नीट सरळ बघून निवडून दिला. मी तो फळ्याच्या चौकटीत ठोकला आणि लक्ष्मी डिलक्सवर अलगद येऊन बसली. वर फक्त राहिलं, साधी, सतरा. मग साहेबांनी एका पोऱ्याकडून 'साधी' हा शब्दही लाल चिकटपट्टीने झाकून घेतला. नाखवा हॉलमध्ये यायचेच नाहीत. त्यांचे बूट तेलकट असतात म्हणून त्यांना तिथे यायची बंदी होती.

डॉक्टर कुसुम भोईर त्याच महिन्यात आल्या. चाळिशीच्या, आंबिवलीला दवाखाना, पण अर्धा वेळ आतल्या गावांत आणि वीटभट्ट्यांवर फिरायच्या. आतापर्यंत स्कूटरवर. त्यांना साधी गाडी हवी होती. मी सांगितलं, सात महिने थांबावं लागेल, डिलक्स आजच्या आज देतो. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, गादी दाबून बघितली आणि विचारलं, "मला थाटमाट नको हो. ही किती देते, ते खरं सांगा. मला पेट्रोल मोजून वापरावं लागतं."

मी फळ्याकडे हात केला. "हे बघा, सतरा. कंपनीचा आकडा नाही हा. आमच्या नाखवांनी बाटली लावून काढलेला."

तोंडाने मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला समजावत होतो. मला आज माझं तेव्हाचं थोबाड फोडावंसं वाटतं. डॉक्टरांनी नाव वाचलं, का. नाखवा. ते तेवढं साहेबांनी झाकलं नव्हतं, कॅलेंडर कापून खालून दिसेल असं ठेवलं होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माणसाने नाव घातलंय म्हणजे खरं असणार."

चार-पाच महिन्यांनी टँकरवाल्यांचा संप झाला. पंपांवर रांगा, एका गाडीला पाच लिटर. डॉक्टरांनी पाच लिटर घेतलं आणि सतराने गुणलं. पेट्रोलच्या काट्यावर तेव्हा कुणीच विसंबत नसे, शहाणी माणसं किलोमीटर मोजायची. दोन दिवस त्यांनी तसंच मोजून गावं केली. तिसऱ्या दिवशी सकाळी एका वीटभट्टीवरची बाई अडली. तिला घेऊन त्या कल्याणला गेल्या, तिथल्या इस्पितळात रक्त नव्हतं, अँब्युलन्स बाहेर गेलेली. ठाण्याला न्या म्हणाले. डॉक्टरांनी वहीत पाहिलं. हिशेबाने ठाण्यापर्यंत पुरून थोडं उरत होतं. त्या निघाल्या.

शीळफाटा ओलांडून, मुंब्र्याच्या अलीकडे, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. संपामुळे रस्त्याला गाड्याच नव्हत्या. भर उन्हात चाळीस मिनिटांनी विटांचा एक ट्रक आला. त्यातून त्या बाईला ठाण्याला नेलं. बाई वाचली. मूल गेलं.

संप मिटल्यावर डॉक्टर शोरूममध्ये आल्या. दुपारी बारा वाजता. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, गिऱ्हाइकाच्या ओरडण्याला काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं होतं. त्यांनी फळ्याकडे बघून विचारलं, "नाखवा कोण?"

साहेब पुढे सरसावले. "मॅडम, आत बसू या ना. चहा?"

"मला नाखवांशी बोलायचंय."

शिपाई बोलवायला गेला. नाखवा हात पुसत पुसत आले आणि हॉलच्या दारातच थांबले, बुटांकडे बघून. डॉक्टर म्हणाल्या, "या आत. मीच बोलावलंय." मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाच लिटर, सतरा, शीळफाटा, ट्रक, मूल. एसी एकदाही लावला नव्हता, हेही सांगितलं. "तुमचं नाव वाचून घेतली मी गाडी."

"कंची घेतली?" नाखवांनी विचारलं.

"डिलक्स."

नाखवा तेलकट बुटांनी त्या पॉलिश केलेल्या लादीवरून चालत फळ्यापाशी गेले. कॅलेंडर दोन बोटांनी वर उचललं. खाली त्यांचं अक्षर जसंच्या तसं होतं. डिलक्स, साडेचौदा. डॉक्टरांनी ते वाचलं आणि त्यांच्या तोंडचा रंग गेला.

नाखवा वळले. हॉलमध्ये साहेब होते, आम्ही तिघं विक्रीचे, कॅशियर, टायपिस्ट आणि शिपाई. त्यांनी प्रत्येकाकडे बघितलं.

"हे क्यालिंडर कुणी लावलं?"

कुणी बोललं नाही. पंखा फिरत होता. साहेब घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होते. नाखवा थांबले. मग पुन्हा विचारलं, या वेळी हळू, आणि विचारताना ते माझ्याकडे बघत होते.

"कुणी लावलं?"

मी मूग गिळून उभा राहिलो. गळ्यात तो टाय होता.

ते डॉक्टरांकडे वळले. "नाव माझं हाय, ताई. म्हंजे मीच बोललो." मग एकदम लहान आवाजात, "चाळीस मिनटं आधी कुणी पोचवलं असतं… वाचलं असतं पोर?"

"कदाचित," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित नाहीही. ते कुणालाच सांगता येणार नाही."

आयुष्यभर ज्या माणसाने 'अंदाजे' सहन केलं नाही, त्याच्या वाट्याला हा 'कदाचित' आला, आणि तो आम्ही दिला होता. "हे मोजता येत नाय," एवढंच ते म्हणाले. मग डॉक्टरांना विचारून घेतलं, गाडी नेमकी कुठे थांबली. कुठलं वळण, कुठला खांब, डावीकडे काय. दोनदा विचारलं.

त्या गेल्यावर ते वर्कशॉपमध्ये गेले आणि हिरव्या रंगाचा मोठा डबा घेऊन आले. शोरूमच्या रस्त्याकडच्या काचेवर, हातभर उंच आकड्यांत, त्यांनी दोन्ही गाड्यांची नावं आणि तिन्ही आकडे लिहिले. साहेब ओरडत होते, "नाखवा, वेड लागलंय का तुला? पोलिसांना बोलावीन!" नाखवांनी तेराची शेपटी नीट वळवून पूर्ण केली आणि डबा बंद केला. बाहेर माणसं जमून वाचत होती. होडीचा रंग तो, खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकणारा. रॉकेलने, पातीने खरवडून बघितलं, शेवटी ती काच बदलावी लागली.

त्यांना त्याच दुपारी काढलं. बाटली आणि हातोडी फडक्यात बांधून ते मागच्या दाराने गेले. नोटीस टाइप करताना टायपिस्टबाई रडत होत्या. टाइप मात्र केली. सगळ्यांनी आपापलं काम केलं. मी त्या दिवशी संध्याकाळी एक डिलक्स विकली.

पुढची पाच वर्षं मी तिथे होतो. डॉक्टरांनी ती गाडी विकली आणि पुन्हा स्कूटर घेतली, असं कानावर आलं. नाखवांबद्दलही कानावर आलं, की शीळफाट्याजवळ रस्त्याकडेला बसतात. तेव्हापासून मी तो रस्ताच सोडला. कल्याणहून ठाण्याला जायचं तर भिवंडीवरून वळसा घालायचो. भित्र्या माणसाला लांबचा रस्ता कधी लांब वाटत नाही.

परवाच्या त्या सत्कारानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी गाडी काढली आणि शीळफाट्याच्या रस्त्याला लागलो.

फाटा ओलांडला, मुंब्र्याच्या दिशेने थोडं गेलो, आणि वळणावर ते दिसले. पत्र्याची शेड, तीन-चार टायर, पंक्चरचं पाण्याचं घमेलं आणि बाहेर ओळीने ठेवलेले पेट्रोलचे दोन कॅन. समोर डॉक्टरांनी सांगितलेला तो खांब, त्यावर हिरवी रेघ. तिच्यापुढे आकडा नव्हता. केस पांढरे झालेले, खांदे तेवढेच रुंद. हातात ब्रश होता. रेघ नव्याने ओढत होते, रंग ओला होता.

"नाखवा, मी लिमये."

त्यांनी डोळे बारीक केले. "वळखला. टाय कुठं गेला?"

"सोडली ती नोकरी."

"कवा?"

"साधारण…" मी थांबलो. "चार वर्षं, तीन महिने."

त्यांनी मान हलवली. मी तिथेच उभा होतो, बाजूने ट्रक जात होते, धूळ उडत होती. मी म्हणालो, "ते कॅलेंडर मी लावलं होतं."

"म्हाइत हाय. हातोडी माझीच होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं, आणि माझ्याच आवाजात राग आला. कसला राग होता तो, देव जाणे. "माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निपटला. मग माझ्याकडे बघून, त्या हॉलमध्ये बघितलं होतं तसंच बघून, म्हणाले, "मी दोन येळा इचारलेलं. तुझं नाव मी कशाला घेऊ? तू घ्यायचं होतंस." मग बोटं मोजल्यासारखं करून, "सात जण होता तुम्ही तिथं. मी मोजलेले. नऊ वर्सं झाली. सातांत एक आला. लय कमी देता रं तुम्ही."

मला वाटलं ते आता हसतील. ते हसले नाहीत.

तेवढ्यात पुढे चढावर एक गाडी आचके देत थांबली. नवी कोरी, मागच्या काचेला अजून प्लास्टिक. आतून एक बाई आणि दोन मुलं उतरली, नवरा बॉनेट उघडून उगाच आत बघू लागला. नाखवांनी ब्रश पाण्यात टाकला, कॅन उचलला आणि उन्हातून त्या चढाकडे चालू लागले. माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी गाडीच्या दाराला हात लावून उभा होतो. वाऱ्याबरोबर त्यांचा आवाज आला, त्या माणसाला विचारत होते.

"किती सांगितलेलं तुला? कुणी सांगितलेलं? नाव सांग त्याचं."